न्हाणीतली चूल

आमच्या जळकोटला गल्लीतल्या घराघरांत आता गॅस आला आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना निघाली, तेव्हा गरिबाघरची जोडणी बाईच्याच नावावर मिळते याचं मला फार अप्रूप वाटलं. घर नवऱ्याचं, शेत सासऱ्यांचं. निदान शेगडी तरी आपली! तरीही थंडीत माझ्या वर्गातल्या मुलींच्या वेण्यांना धुराचा वास येतोच. स्वयंपाक गॅसवर, पण अंघोळीचं पाणी तुराट्यांवर. आणि फुंकणी मुलीच्या हाती.

बायका तरी काय करणार? २०२४ साली राज्याच्या अन्नपूर्णा योजनेने पात्र घरांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत देऊ केले. पाच माणसांत एकेक दीड महिना पुरवला, तरी झाले साडेचार महिने. पुढचं सगळं आपल्या डब्यातल्या पैशांवर.

म्हणून भगिनींनो, डाळ आधी भिजवा, कुकर वापरा, उकळी आली की आच मंद करा. धुण्याभांड्याचं पाणी काळ्या पिंपात उन्हावर तापू द्या. आपल्याकडे उन्हाला काय तोटा? आणि असा वाचलेला गॅस अंघोळीच्या पाण्याला लावा. तुराट्या फुकटच्या खऱ्या, पण लेकीची छाती फुकटची नाही.