सांध्यातला दोष

जुन्या मोटारीतील विजेचे काम समजून घेताना सर्वांत आधी ध्यानात घ्यावी लागते ती विजेची परतीची वाट. बॅटरीच्या धन टोकाकडून निघालेला प्रवाह फ्यूज, स्विच आणि तार यांतून दिव्यापर्यंत जातो व तेथून ऋण टोकाकडे परततो, तेव्हाच विद्युत मंडल, म्हणजे रोजच्या बोलण्यातले सर्किट, पूर्ण होते. परंतु मोटारीत या परतीसाठी बहुधा स्वतंत्र तार नसते, गाडीचा पोलादी सांगाडा आणि पत्रा यांतूनच प्रवाह परततो, आणि गॅरेजमध्ये या वाटेला ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. घरातील अर्थिंगप्रमाणे जमिनीशी तिचा संबंध नसतो. वायरिंगच्या आकृतीत ही सारी वाट एका लहानशा चिन्हापाशी संपवलेली असल्यामुळे शिकाऊ कारागिराची नजर तिच्यावरून सहज निसटते. प्रत्यक्षात मात्र मंडलाचा निम्मा भाग तीच असते, आणि पावसाने, रंगाने व गंजाने सर्वाधिक बिघडणारा भागही तोच असतो.

या विद्येचा अभ्यास करण्यासाठी महाराष्ट्राला सर्वांत जवळची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० या गाडीची भारतीय आवृत्ती तयार होऊ लागली, तिचे नाव आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७०च्या दशकात पद्मिनी असे बदलत गेले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत ती थोड्याफार फरकाने तीच राहिली. १०८९ घन सेंटीमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, १२ व्होल्टची बॅटरी आणि तीवर चालणारी मोजकी मंडले एवढाच तिचा पसारा आहे. संगणक किंवा सेन्सर नसल्यामुळे तिच्यातील प्रत्येक बिघाड डोळ्यांना दिसतो, हाताला गरम लागतो, नाहीतर नाकाला कळतो, आणि म्हणूनच तर्काने बिघाड शोधण्याची शिस्त जितकी स्वच्छ या गाडीवर शिकता येते तितकी नव्या गाडीवर येत नाही.

त्या शिस्तीचा पाया एका साध्या निरीक्षणावर उभा आहे: जुन्या गाडीत वस्तू क्वचित बिघडतात, सांधे बिघडतात. मागच्या दिव्यापर्यंत जाणारा प्रवाह बॅटरीच्या टर्मिनलपासून फ्यूजच्या दोन टोकांपर्यंत, तेथून स्विचच्या पाकळ्या, तारेच्या वाटेतील जोड, होल्डर, बल्बचा पितळी बुंधा आणि शेवटी पत्र्यावर कसलेला स्क्रू अशा दहा-बारा ठिकाणी एका धातूवरून दुसऱ्या धातूवर उडी घेतो. तार आतून सहसा तुटत नाही, कारण तिच्यावर आवरण असते. उघडा असतो तो सांधा. पितळी भांड्यात ठेवलेले दही कळकते हे ज्या घरांना ठाऊक आहे त्यांना तांब्या-पितळेवर चढणाऱ्या हिरवट थराची ओळख वेगळी करून द्यायला नको. कोकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत गाडीच्या प्रत्येक सांध्यावर तोच थर चढत असतो, आणि तो थर विजेला अडवतो.

किती अडवतो, हे मात्र किती प्रवाह मागितला जातो यावर ठरते, आणि येथे ओमचा नियम रोजच्या उपयोगाचा होतो. प्रवाह आणि विद्युतरोध यांचा गुणाकार केला की त्या सांध्यात वाया जाणारे व्होल्टेज मिळते. एखाद्या जोडात एक शतांश ओम एवढाच रोध आला आणि त्यातून पार्किंगच्या दिव्याचा अर्धा अँपिअरही नसलेला प्रवाह गेला, तर नुकसान मोजण्याइतकेही नसते; पण इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, जिला सगळे ‘सेल्फ’ म्हणतात, ती सहज दीडशे अँपिअर ओढते, आणि मग त्याच जोडात दीड व्होल्ट जळून जातो. असे दोन जोड वाटेत असले की तीन व्होल्ट गेले. बॅटरीचे स्वतःचे व्होल्टेजही त्या क्षणी दहाच्या आसपास उतरलेले असते, म्हणून सेल्फच्या वाट्याला सात उरतात आणि ती कण्हत फिरते. अशा वेळी नवी बॅटरी घेतली जाते. नव्या बॅटरीच्या जोरावर गाडी काही आठवडे चालतेही, परंतु कळकलेला सांधा जागच्या जागी असतो आणि खर्च दुसऱ्यांदा दारात येतो. दोन टर्मिनले सोडवून शिशाच्या गोल टोकांवर व क्लॅम्पच्या आतल्या बाजूवर पॉलिश पेपर फिरवणे, ती घट्ट बसवणे आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात देणे हे अर्ध्या तासाचे काम आधी करणे हा या विद्येतील पहिला प्रामाणिकपणा मानला पाहिजे.

हाच नियम मल्टिमीटरच्या बाबतीत एक सापळा निर्माण करतो. दिवा काढून होल्डरच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला, तर सांधा कितीही खराब असला तरी पडद्यावर बारा व्होल्टच दिसतात, कारण मल्टिमीटर नाममात्र प्रवाह घेतो आणि प्रवाहच नसल्यावर सांध्यात काही वाया जात नाही. बल्बला दोन तारा जोडून केलेला साधा टेस्ट लॅम्प येथे अधिक भरवशाचा ठरतो. तो स्वतः प्रवाह मागतो, म्हणून सांध्याचे खरे रूप उघडे पडते. मल्टिमीटर वापरायचाच असेल तर दिवा किंवा मोटर चालू ठेवून, सांध्याच्या अलीकडे एक टोक आणि पलीकडे दुसरे टोक लावून, मधल्या मध्ये किती व्होल्ट गळतात ते पाहावे. चांगल्या अर्थमध्ये ही गळती ०.२ व्होल्टच्या वर जाऊ नये. सेल्फच्या जाड केबलला थोडी अधिक मुभा देता येते, आणि त्याहून जास्त काही दिसले तर बिघाड त्या दोन टोकांच्या मध्येच आहे हे निश्चित होते, मग अंदाजाला जागा राहत नाही. लांब मंडलात एका टोकाकडून पुढे सरकण्याऐवजी मधला बिंदू तपासावा, दोष ज्या अर्ध्या भागात असेल त्याचा पुन्हा मध्य गाठावा. अशा तीन-चार पायऱ्यांत दहा-बारा सांध्यांतला नेमका एक हाती येतो.

अर्थ तुटल्याची लक्षणे विचित्र दिसतात, आणि ती वाचता येणे हा या कामातील खरा आनंद आहे. मागच्या दिव्यांच्या संचात ब्रेकचा २१ वॉटचा आणि रात्री जळणारा ५ वॉटचा असे दोन दिवे एकाच पत्र्याच्या होल्डरमधून अर्थ घेतात. तो अर्थ तुटला की ब्रेक दाबल्यावर मोठ्या दिव्यात आलेला प्रवाह परतीची दुसरी वाट शोधतो, शेजारच्या लहान दिव्याच्या तारेतून उलटा जातो आणि गाडीतील इतर लहान दिव्यांमार्फत पत्र्यापर्यंत पोहोचतो. लहान दिव्याचा रोध मोठ्याच्या चौपट असल्यामुळे व्होल्टेजचा बराच वाटा तोच खातो. परिणामी ब्रेकचा दिवा अंधाराच राहतो आणि जो पेटण्याचे कारणच नाही तो लहान दिवा मंद उजळतो. ज्याला परतीची वाट ठाऊक नाही तो येथे ब्रेकचा स्विच बदलतो, मग बल्ब बदलतो, मग वायरिंग उघडू लागतो. ज्याला ती ठाऊक आहे तो होल्डर आणि सांगाडा यांच्यात हातभर तार धरून पाहतो, आणि दिवे सुधारले तर रंगाखाली दबलेला एक स्क्रू काढून त्याच्याखालचा पत्रा चमकेपर्यंत घासतो. याच जातीचे, पण अधिक धोक्याचे लक्षण इंजिनाचे आहे. इंजिन रबराच्या पायांवर बसलेले असल्यामुळे त्याला सांगाड्याशी जोडणारी विणलेल्या तांब्याची पट्टी हाच त्याचा अर्थ असतो. ती तुटली तर सेल्फचा सारा प्रवाह चोकच्या किंवा स्पीडोमीटरच्या केबलमधून परतू पाहतो आणि केबल तापते. चोकची कळ गरम लागते अशी तक्रार आली तर चोकला हात लावण्यापूर्वी ती पट्टी पाहावी.

इग्निशन, म्हणजे पेट्रोलला ठिणगी देणारी व्यवस्था, हा स्वतंत्र आणि अधिक श्रीमंत विषय आहे. डिस्ट्रिब्युटरमधील दोन लहान पॉइंट उघडतात-मिटतात, ते उघडताच कॉइलच्या जाड वेढ्यांतील प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातूनच बारीक वेढ्यांत हजारो व्होल्ट उभे राहतात. मिनिटाला ३,००० फेऱ्या घेणाऱ्या चार सिलिंडरांच्या इंजिनात हे सेकंदाला शंभर वेळा घडते, त्यामुळे पॉइंट झिजतात आणि त्यांच्यातले अंतर फीलर गेजने, म्हणजे मोजक्या जाडीच्या पोलादी पात्यांनी, साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान पुन्हा बसवावे लागते. पॉइंट उघडताना त्यांच्यावर ठिणगी पडू नये म्हणून शेजारी कंडेन्सर बसवलेला असतो. तो ढिला पडला की एका पॉइंटवर खड्डा व दुसऱ्यावर टेंगूळ दिसू लागते. ही खूण ज्याने पाहिली त्याने नवे पॉइंट टाकून थांबू नये, कारण तेही तसेच जळतील. कंडेन्सरची खोडी अशी, की तो थंड असताना ठीक चालतो आणि तापल्यावर सोडून देतो, मग अर्ध्या तासाने पुन्हा चालू लागतो.

उन्हाळ्यात या लक्षणाची गल्लत दुसऱ्याच एका दुखण्याशी होते. एप्रिल-मेच्या उष्म्यात चढ चढून आलेल्या गाडीच्या पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढू शकत नाही, गाडी बंद पडते आणि निवल्यावर चालू होते. जुने चालक पंपावर ओले फडके ठेवत ते यासाठी, आणि तो उपाय पूर्णपणे शास्त्रीय आहे. दोन्ही दुखणी उष्णतेचीच आणि दोन्ही आपोआप बरी होणारी असल्यामुळे निदान गाडी बंद असतानाच करावे लागते: पेट्रोलचा वास वा गळती नाही याची खात्री करून प्लगची एक तार काढावी, तिच्या टोकाला जादा प्लग बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून ठेवावा, आणि सेल्फ मारताना निळी, कडक ठिणगी पडते का ते पाहावे. पडली तर दोष पेट्रोलकडे. पिवळट, लुळी पडली किंवा पडलीच नाही तर इग्निशनकडे. गाडी निवेपर्यंत चहाला गेलेल्या कारागिराच्या हातून पुरावा निघून जातो. पावसाळ्यात मात्र आधी डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतून पुसावी आणि तिच्यावर केसाएवढी काळी रेघ आहे का ते पाहावे. दमट कॅपवरून सरपटणाऱ्या विजेने कोरलेली ती कार्बनची वाट असते, आणि अशी कॅप कितीही पुसली तरी बदलावीच लागते.

चार्जिंगविषयी थोडे पुरे आहे. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट, इंजिन थोडे वाढवल्यावर १४ च्या आसपास. आकडा वाढत नसेल तर फॅन बेल्ट, मग जोड, मग कार्बन, म्हणजे डायनमो किंवा अल्टरनेटरमधील घासून झिजणारे ब्रश, हा क्रम सोडू नये.

जुन्या गाडीचे वायरिंग उघडल्यावर विजेइतकीच माणसेही भेटतात, कारण पन्नास वर्षांत तिला लागलेल्या प्रत्येक हाताची खूण तेथे राहिलेली असते. कोठे तार कापून नुसती पिळलेली व वर काळी टेप गुंडाळलेली असते, आणि ती टेप उन्हाने वितळून चिकट झालेली असते. कोठे लाल तारेला पुढे हिरवी जोडल्यामुळे रंगांची भाषाच मोडलेली असते. या गोष्टी त्रासाच्या आहेत, पण क्षम्य आहेत, कारण बहुतेक वेळा त्या रस्त्यात, अंधारात आणि घाईत केलेल्या असतात. क्षम्य नाही ती फ्यूजच्या जागी घातलेली जाड तार. फ्यूज हा दिव्याचा रक्षक नसून तारेचा आहे. शॉर्ट झाल्यावर तो वितळतो म्हणून डॅशबोर्डमागची तार वितळत नाही. त्याच्या जागी तार घालणारा माणूस दोष दुरुस्त करत नाही, तो पेट घेण्याची जागा फ्यूज बॉक्सातून बसणाऱ्यांच्या गुडघ्यांजवळ हलवतो. बदलाला सरसकट विरोध करण्याचेही कारण नाही. हेडलाइटचा प्रवाह जुन्या स्विचमधून नेण्याऐवजी रिले, म्हणजे लहान प्रवाहाने चालणारा मोठा स्विच, बसवला तर स्विचही वाचतो आणि प्रकाशही वाढतो, कारण व्होल्टेज दहा टक्के घटले की बल्बचा प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. अट एवढीच असावी, की नवे जे बसवले ते पुढच्या माणसाला ओळखता आले पाहिजे आणि मूळ तार न कापता ते काढता आले पाहिजे.

ही अट आता अधिक निकडीची झाली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि मुंबईच्या रस्त्यांवरून काळीपिवळी पद्मिनी उठली. तिच्याबरोबर, रोज तीच गाडी हाताळल्यामुळे आवाजावरून कंडेन्सर ओळखणाऱ्या कारागिरांचा रोजचा सरावही थांबला. उरलेल्या गाड्या हौसेने जपलेल्या आहेत आणि त्यांना हात लावणारा पुढचा माणूस बहुधा ती प्रथमच पाहत असेल. म्हणून काम संपल्यावर बदललेल्या तारांची आकृती, कोणत्या फ्यूजवर काय आहे याची यादी आणि तारीख एका कागदावर लिहून तो डॅशबोर्डच्या खणात ठेवावा. मग सर्व स्विच बंद करून, दारे लावून, बॅटरीची ऋण केबल सोडवावी आणि टर्मिनल व केबल यांच्या मध्ये टेस्ट लॅम्प धरावा. कोठे शॉर्ट किंवा एखादा दिवा चालू राहिला असेल तर तो पेटतो, आणि एकेक फ्यूज काढत तो कोणत्या फ्यूजशी विझतो ते पाहत पुन्हा मागे जावे लागते. तो पेटला नाही, तर त्याच्या जागी मल्टिमीटर अँपिअरवर लावून काट्यापुरतीही गळती नाही एवढे पाहावे, केबल कसावी आणि गाडी रात्रभर उभी ठेवावी.