खुंट आणि कलम

तापातून उठल्यावर आज पुन्हा मी बनवत असलेल्या छोट्या प्रोग्रॅमिंग भाषेकडे वळलो. जावाच्या आभासी यंत्रावर, म्हणजे जेव्हीएमवर, ती छान धावत होती. लायब्रऱ्या, मेमरीची आवराआवर, सगळं आयतं. पण शेवटच्या पायरीवर स्वतःलाच बोलावणारं फंक्शन लाखभर फेऱ्यांत स्टॅक भरून कोसळलं. जेव्हीएम अशा टेल कॉलची जागा मोकळी करत नाही. म्हणून तर २००७ साली आलेल्या, जेव्हीएमवरच्याच क्लोजर भाषेत ‘रिकर’ हा वेगळा शब्द आहे. एर्लंग भाषेच्या बीम या आभासी यंत्रावर ही अडचण नाही. तिथे हजारो हलक्या प्रोसेस, प्रत्येकीची मेमरी स्वतंत्र. पण जड आकडेमोड संथ.

अंगणात आजोबांनी बांधलेलं हापूसचं कलम आहे. रायवळ खुंटावरची गाठ अजून हाताला लागते. फळ काडीचं, मुळं खुंटाची. माझे शब्द कोणत्या मुळांवर वाढावेत? काही ठरलं नाही. संध्याकाळभर त्या गाठीवरून हात फिरवत राहिलो.