शेवटच्या रांगेतला उशीर

गेल्या दिवाळीत पुण्याहून खर्ड्याला येताना मी बॅगेत नाचायची चटई घालून आणली. आईनं ती उलगडली, उलटीसुलटी करून पाहिली, वास घेतला आणि म्हणाली, "आन् झोपायची कुठं हाय?"

चटईच म्हणायची ती. मीटरभर लांब-रुंद, रबरासारख्या काळ्या कापडाची. वर तीन बाय तीन असे नऊ चौकोन, मधला मोकळा आणि त्याच्या चार अंगांना चार बाण. एका कडेनं वायर निघते ती लॅपटॉपला, लॅपटॉप टीव्हीला. टीव्हीवर गाणं लागतं आणि खालून बाण वर चढू लागतात. वरच्या कडेला चार रिकामे बाण वाट बघत थांबलेले असतात. चढणारा बाण रिकाम्यावर नेमका बसला की त्याच क्षणी पायाखालचा तोच बाण दाबायचा. बाण गाण्याच्या ठेक्यावर बेतलेले असतात, त्यामुळे पाय बरोबर पडले की बघणाऱ्याला वाटतं, बाई नाचते आहे. खरं तर बाई पहारा देत असते.

मला हा नाद पुण्यात लागला. ऑफिसच्या वाटेवर एक मॉल आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर पोरांच्या खेळांची मशीनं. त्यात एक उंच, दिव्यांनी लखलखणारं, कोरियन बनावटीचं 'पंप इट अप'. या खेळाची सुरुवात जपानची: कोनामी कंपनीनं १९९८ मध्ये 'डान्स डान्स रिव्होल्यूशन' आणलं आणि दुसऱ्याच वर्षी कोरियाच्या अँडामिरोनं हे पंप काढलं. जपानी मशीनवर चार बाण असतात, पुढे-मागे-डावीकडे-उजवीकडे. कोरियन मशीनवर पाच: चार चार कोपऱ्यांत आणि पाचवा मधोमध. एकावर सवय झालेला माणूस दुसऱ्यावर गेला की नव्या सुनेसारखा चाचपडतो.

पहिल्या दिवशी मी प्रत्येक बाण दाबून पाय परत मध्ये आणत होते. दुसऱ्या गाण्यालाच धाप लागली. मागं नंबर लावून उभा असलेला कॉलेजचा मुलगा शेवटी न राहवून म्हणाला, "ताई, मध्ये परत नका येऊ. पाय पडला तिथंच राहू द्या, पुढचा बाण दुसऱ्या पायानं घ्या. आणि स्पीड वाढवा." स्पीड वाढवा म्हटल्यावर मला तो चेष्टा करतोय असं वाटलं. पण त्याचं खरं होतं. बाण सावकाश सोडले की ते एकमेकांना चिकटून येतात, जामखेड स्टँडवर एसटीच्या दारात माणसं घुसतात तसे. कोण आधी, कोण मागून, काही कळत नाही. स्पीड दुप्पट-तिप्पट केला की गाणं तेवढ्याच वेगानं चालतं, पण दोन बाणांमधली जागा वाढते आणि डोळ्यांना रांग दिसते. लाल बाण ठेक्यावरचा, निळा दोन ठेक्यांच्या मधला, हे घरच्या खेळात पुढं कळलं. लांब शेपटीचा बाण आला की शेपटी संपेपर्यंत पाय उचलायचा नाही. चुका वाढत गेल्या तर वरची पट्टी रिकामी होते आणि गाणं अर्ध्यावर बंद. पाठीमागं एक लोखंडी दांडी असते. ती धरून नाचणाऱ्यांना कट्टर खेळाडू नाकं मुरडतात. मी धरते. गुडघे माझे आहेत.

घरी यातलं काही सांगितलं नव्हतं. आमच्या जामखेड तालुक्यात 'अमक्याची पोरगी नाचते' हे साधं वाक्य नाही. जामखेडची कलाकेंद्रं सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. तिथं पायांत घुंगरांच्या जड माळा बांधून बायका रात्र रात्र लावणी उभी करतात, ढोलकीच्या एकेका थापेला पायानं उत्तर देतात. ती कला बघायला लांबलांबून गाड्या येतात, आणि 'नाचते' हा शब्द मात्र गावात शिवीसारखा फिरतो. तो फिरवणाऱ्यांत रात्री तिकडे गाडी लावणारेही असतात, पण ते असो. मी फोनवर इतकंच सांगत असे की संध्याकाळी व्यायामाला जाते. त्यामुळे चटई पाहिल्यावर आप्पांनी पहिला प्रश्न केला, "व्यायामाचीच हाय ना?" मी हो म्हणाले. घाम बघितला तर ते खोटंही नव्हतं.

चटई शहाबादी फरशीवर सरकायला लागली. भावानं गोठ्यातली प्लायवूडची फळी धुऊन आणली आणि वायरिंगच्या काळ्या चिकटपट्टीनं चटई तिच्यावर ताणून बसवली. लॅपटॉपवर मी 'स्टेपमेनिया' घालून ठेवलं होतं. २००१ पासूनचा हा फुकटचा प्रोग्राम; मॉलच्या मशीनसारखाच खेळ घरी खेळता येतो आणि हव्या त्या गाण्यावर आपले आपण बाणही मांडता येतात.

पहिली उभी राहिली माझी नऊ वर्षांची भाची. पोरगी हलक्या पायाची. दोन गाण्यांत तिला बाण वाचता यायला लागले. पण पडद्यावर सारखं 'गुड', 'गुड', मध्येच 'बू'. ती हिरमुसली. "आत्या, मी तर बरोबर मारतेय."

या खेळात बरोबर म्हणजे किती बरोबर, ते आधी सांगते. सेकंदाचे हजार भाग करा. बाण जुळण्याच्या क्षणाच्या साडेबावीस भाग अलीकडे किंवा पलीकडे पाय पडला तर 'मार्व्हलस'. पंचेचाळीस भागांपर्यंत 'परफेक्ट', नव्वदपर्यंत 'ग्रेट', एकशे पस्तीसपर्यंत 'गुड', एकशे ऐंशीपर्यंत 'बू', त्यापुढे 'मिस'. पापणी लवायलाही 'मार्व्हलस'च्या साडेबावीस भागांहून जास्त वेळ लागतो. मी घातलेल्या थीममध्ये गाणं संपलं की एक आलेख येतो: मधली रेघ म्हणजे अचूक वेळ, तिच्या डावीकडे घाईचे पाय, उजवीकडे उशिराचे.

भाचीचा आलेख बघितला आणि मी खालीच बसले. कच्च्या खेळाडूचे ठिपके इकडे-तिकडे विखुरलेले असतात. हिचे सगळे एका जागी गोळा झाले होते, मुंग्यांसारखे, पण रेघेपासून शंभर भाग उजवीकडे. म्हणजे तिचा प्रत्येक पाय उशिरा पडत होता आणि प्रत्येक वेळी तेवढाच उशिरा. ताल नसलेल्या माणसाला हे जमत नाही. उशीर करत होता टीव्ही. भावानं नवा मोठा टीव्ही घेतलाय. तो चित्र झकास करून दाखवण्याच्या नादात प्रत्येक चित्र थोडा वेळ स्वतःकडे ठेवून घेतो, आवाजही त्याच्याच जोडीनं सोडतो. पोरगी जे बघत-ऐकत होती ते शिळं होतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' लावला, उरलेला फरक प्रोग्राममध्ये आकडा टाकून भरून काढला. पुढच्या गाण्याला 'परफेक्ट'ची माळ लागली. भाचीनं भावाकडे बघून म्हटलं, "बघा, तुमचा टीव्हीच मंद हाय."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

शाळेत आमची लेझीम होती, २६ जानेवारीची. मी वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून शेवटच्या रांगेत. ढोल पुढं ध्वजस्तंभापाशी, ढोलाशेजारी शिट्टी घेऊन सर. आठवडाभर सरावात एकच वाक्य ऐकलं: "ए शेवटची, तू कायम मागं. ताल नाही तुला." सातव्या दिवशी माझी लेझीम काढून घेतली आणि मला पाण्याच्या बादलीपाशी उभं केलं. त्यानंतर लग्नात, गणपतीत, पोरी नाचायला ओढायच्या तेव्हा मी हसून सांगत आले, मला ताल नाही. वीस वर्षं सांगितलं. पटलंही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या मैदानावर गेले. दिवाळीची सुट्टी, मैदानात दोन शेळ्या. ध्वजस्तंभापासून आम्ही उभ्या राहायचो त्या लिंबापर्यंत पावलं मोजली. शेहेचाळीस भरली, म्हणजे तेहतीस-चौतीस मीटर. आवाज सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर चालतो. ढोलाची थाप माझ्या कानाशी यायला सेकंदाचा दहावा भाग लागत होता. आणि माझी लेझीम छणकली की तो आवाज सरांपर्यंत परत जायला आणखी एक दहावा भाग. माझा हात ढोलाबरोबर पडला असं मला वाटलं, तरी सरांच्या कानी तो सेकंदाच्या पाचव्या भागानं उशिरा पोचणार. खर्ड्याच्या पोरीला हे सुचायला हवं होतं. १७९५ च्या मार्चात याच मुलखात मराठ्यांच्या आणि निजामाच्या तोफा समोरासमोर होत्या. धूर आधी दिसतो, धडाका मागून येतो, हे तेव्हा इथल्या गुराख्यालाही कळलं असेल.

मग माझ्या शेजारच्या पोरी कशा सुटल्या? त्या पुढच्या रांगेचे हात बघून लेझीम मारायच्या. मी डोळे मिटून, कानानं मारायचे. मला तेच खरं वाटायचं. मनातल्या मनात हिशेब घातला: सेकंदाचा दहावा भाग म्हणजे हजारातले शंभर. मशीननं मला 'गुड' दिलं असतं. लेझीम काढून घेतली नसती.

डिसेंबरात मावसभावाच्या लग्नाला परत गावी आले. परण्या निघाला तेव्हा पुढं हलगीवाले होते. निघण्याआधी त्यांनी चिपाडं पेटवून हलगी शेकली, बोटानं टिचकी मारून ताण बघितला, आणि एका हातात टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी घेऊन सुरू झाले. मी मोबाइलवर सव्वाचार मिनिटं आवाज धरून ठेवला. ठरवलं, यावर आपण बाण मांडायचे.

मांडायला पाच रात्री गेल्या. प्रोग्रामला आधी सांगावं लागतं की मिनिटाला ठेके किती. तयार गाण्याचा एक आकडा टाकला की बहुतेक वेळा काम भागतं. हलगीचा एक आकडा निघेना. सुरुवातीला मिनिटाला एकशे बारा, मारुतीच्या देवळापाशी एकशे तीस, आणि नवरदेवाचे मित्र अंगात आल्यासारखे नाचू लागले तिथं एकशे बावन्न. मध्ये एका म्हाताऱ्या मामांनी रिंगणात पाऊल टाकलं तेव्हा ठेका चक्क खाली आला, मामा बाजूला झाल्यावर परत चढला. फाईलमध्ये मला सदतीस ठिकाणी वेग बदलावा लागला, आणि प्रत्येक ठिकाणी रेकॉर्डिंग ऐकताना आठवत होतं की तिथं कोण नाचत होतं. शेपटीवाले बाण मी जवळपास घातलेच नाहीत. हलगीत थांबणं कमी.

भाचीला ते गाणं अवघड गेलं. "बाण पळतात," म्हणाली. तरी दोन दिवस घासून तिनं एकाहत्तर टक्के काढले.

लग्नाचे राहिलेले पैसे न्यायला त्या हलगीवाल्यांतले थोरले काका घरी आले होते. टीव्हीतून आपलीच हलगी ऐकून दारातच थांबले. आईनं चहा टाकला. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी भाचीचं एक गाणं शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "आमी नाचणाऱ्याचे पाय बघून वाजवितो. हे तर पाय न बघताच वाजवतंय. मग नाचणाऱ्यानंच त्याच्या मागं पळायचं व्हय?" मी म्हटलं, हो, खेळ तोच आहे. त्यांनी मान हलवली, चपला काढल्या, धोतर जरा वर खोचलं आणि चटईवर उभे राहिले.

सव्वाचार मिनिटं नेटानं खेळले. पाय हलके पडत होते, मान ठेक्यावर होती. बघताना वाटलं, पठ्ठ्या भाचीला मागं टाकणार. स्वतःच्याच हलगीवर त्यांना यंत्रानं अठ्ठावन्न टक्के दिले.

काका चहाचा कप घेत म्हणाले, "माझा पाय नाय चुकला. तुमचा टीव्ही मागनं बोलतोय."

मी सेटिंग उघडून बघितलं. आदल्या रात्री क्रिकेट बघताना भावानं गेम मोड काढून ठेवला होता.