आमचं कॉलेज का हरतं? (तंजावर पोस्टिंग)



तंजावर म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात, बृहदीश्वराचं मोठं देऊळ आणि व्यंकोजीराजांची गादी. पोस्टिंग आलं तेव्हा मलाही तेवढंच ठाऊक होतं. पहिल्या रविवारी देवळात जाऊन सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला मराठी शिलालेख बघितला, घरी फोटो पाठवले आणि सोमवारी कामाला लागलो. त्या शिलालेखावर जाणकारांनी पुष्कळ लिहिलंय. मी आज फुटबॉलवर लिहिणार आहे.

काम होतं एनसीसीत पीआय स्टाफचं. ज्यांनी ही ड्युटी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. माणूस पलटणीचा हवालदार, पण समोर जवानांऐवजी कॉलेजची पोरं. त्यांना ड्रिल, हत्यार, नकाशा शिकवायचा, बी आणि सी सर्टिफिकेटची तयारी करून घ्यायची. पोरं आपल्याला 'उस्ताद' म्हणतात. माझ्याकडे एक सरकारी कला-विज्ञान कॉलेज होतं. नाव देत नाही, कारण जे सांगणार आहे ते त्या एकट्या कॉलेजचं नाही.

मी कोल्हापूरकडचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाची मॅच असली की शाळा बुडवून जाणाऱ्यांतला. त्यामुळे कॉलेजचं मैदान बघून मी खूश झालो. एवढं मोठं मैदान पुण्या-मुंबईच्या कुठल्या कॉलेजला मिळणार? पण जवळ गेलो तर एका गोलला जाळी नाही, मधोमध शेळ्या चरतायत आणि कडेच्या पायवाटेनं गावची ये-जा चाललेली. तिथं एक माणूस एकटाच चुन्यानं रेघा आखत होता. तेच कॉलेजचे फिजिकल डायरेक्टर, तिकडच्या भाषेत पी. डी. सर.

माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून ते थेट मराठीत बोलले. तंजावरची मराठी घराणी ऐकून माहीत होती, पण कानांनी ऐकायची वेळ पहिलीच. त्यांचं मराठी मला निम्मं कळायचं, माझं त्यांना निम्मं, उरलेलं तमिळवर आणि हातवाऱ्यांवर भागायचं. फुटबॉलची टीम आहे का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "टीम दर वर्षी असते, हवालदारसाहेब. दर वर्षी नवी असते."

या वाक्याचा अर्थ कळायला मला दोन हंगाम लागले.

पहिल्या हंगामात मला वाटलं, पोरांना शिस्त नाही. फौजी माणसाला पहिलं हेच वाटतं. पी. डी. सरांना म्हटलं, संध्याकाळी अकराच्या अकरा जण माझ्यासमोर फॉलिन करा, महिन्यात फरक दाखवतो. ते हसले आणि मला ऑफिसात नेऊन टाइमटेबल दाखवलं. कॉलेज दोन शिफ्टमध्ये चालतं. पोरं जास्त, वर्ग कमी, म्हणून अर्धी सकाळी आणि अर्धी दुपारी. टीममधली सहा पोरं सकाळच्या शिफ्टची, बाकीची दुपारची. सकाळवाले दीडला मोकळे झाले की दुपारवाले वर्गात शिरतात. दुपारवाले सुटतात तेव्हा सकाळवाल्यांची गावाकडची बस कधीच गेलेली असते. बसचा पास सरकारकडून फुकट आहे, पण बस चुकली तर पासाचा काय उपयोग? मग रविवार उरतो, आणि रविवारी पोरं मजुरीला जातात.

हा कावेरीचा मुलूख. मेट्टूरचं धरण रिवाजाप्रमाणे १२ जूनला उघडतं आणि पाणी कालव्यांतून इकडे येतं. सांबा भाताची लावणी पावसाळ्याच्या शेवटी-शेवटी, आणि कॉलेजांच्या स्पर्धाही नेमक्या तेव्हाच. आमचा गोलकीपर एका सरावाला आला नाही म्हणून मी चिडून त्याच्या गावी गेलो. पोरगं गुडघाभर चिखलात, डोक्यावर तरव्याच्या पेंढ्या. मला बघून तसंच सावधान उभं राहिलं. मी काय बोलणार? आमच्याकडेही लावणीला घरातलं माणूस शाळेत कुठे जातं?

पुढे ऑक्टोबरात ईशान्य मोसमी पाऊस लागतो. आपल्याकडे पाऊस परततो तेव्हा तिकडे सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत मैदान तळं होऊन बसतं. म्हणजे वर्षातले सरावाचे दिवस मोजायला दोन हातांची बोटं पुरतात, असं पी. डी. सर म्हणायचे. थोडं वाढवून म्हणत असतील, फार नव्हे.

पोटाचं वेगळंच. एनसीसीच्या परेडनंतर कॅडेटला नाश्ता मिळतो, त्याचे पैसे ठरलेले असतात. तीच पोरं दुसऱ्या दिवशी फुटबॉल खेळून नळाचं पाणी पितात, कारण त्याचे पैसे कुठल्याच कागदावर नाहीत. कॉलेजची फी नाममात्र, त्यामुळे खेळाच्या नावानं जमणारा पैसाही नाममात्र. त्यात कबड्डी, व्हॉलीबॉल, अॅथलेटिक्स, क्रिकेट, सगळं बसवायचं, आणि हजारो पोरांना पी. डी. सर एकटे. सरकारी कॉलेजात खेळाडूंसाठी थोड्या जागा राखीव असतात. पण प्रवेश मिळाला म्हणून जेवण मिळत नाही.

आता मॅच सांगतो. त्रिचीकडच्या एका खासगी संस्थेच्या मैदानावर सामना होता. आमची पोरं पहाटे निघून दोन बस बदलून पोचली. स्टँडवर इडली खाल्ली ती शेवटची. समोरचा संघ होस्टेलमधून चालत आला. त्यांच्यातली निम्मीअधिक पोरं खेळाच्या कोट्यातली, फी माफ, राहणं-खाणं फुकट, रोज दोन वेळचा सराव. पहिल्या अर्ध्यात त्यांनी एकच गोल केला. आमच्या कप्तानानं मधल्या फळीत त्यांना असं धरून ठेवलं होतं की त्यांचा कोच ओरडून घायकुतीला आला. शेवटच्या वीस मिनिटांत चार गोल झाले. आमची पोरं पळत नव्हती, नुसती उभी होती. पाय आकडले होते. पेपरात आलं असतं तर पाच-शून्य एवढंच आलं असतं. मी रेघेवर उभा राहून बघत होतो, आणि मला त्या पाचांपैकी चार गोल उपाशी पोटाचे दिसत होते.

मॅच संपल्यावर त्यांचा कोच आमच्या लेफ्ट विंगच्या खांद्यावर हात टाकून बोलताना दिसला. पुढच्या जूनमध्ये ते पोरगं एम. ए.ला त्याच संस्थेत गेलं. फी माफ, होस्टेल मोफत. त्यानं चूक केली असं मी म्हणणार नाही. कोणी म्हणू नये.

'दर वर्षी नवी टीम' म्हणजे काय ते तेव्हा थोडं कळलं. पुरतं कळलं ते पुढच्या हंगामात, आणि तिथे दोष माझाही आहे. म्हणून तर लिहायला बसलो.

आमचा कप्तान माझा कॅडेट होता. वडील नाहीत, आई शेतमजूर. तिसऱ्या वर्षाला गेला, वय वीस पूर्ण. एक दिवस परेडनंतर थांबला आणि विचारलं, "उस्ताद, डिग्री की भर्ती?" अग्निवीरला तेव्हा वयाची अट एकवीसची होती, म्हणजे डिग्री हातात येईपर्यंत दार बंद व्हायचं. मी फार विचार केला नाही. म्हटलं, भर्ती. एकदा वर्दी चढली की बाकीचं बघता येतं. लेखी परीक्षेची तयारी मी घेतली. १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढायला मीच त्याच्यामागे घड्याळ घेऊन पळालो. दहा बीम त्याला जड नव्हते. निवड झाली, आणि स्पर्धा तोंडावर असताना तो निघून गेला. त्याच्या आईनं केळीचा घड आणून माझ्यासमोर ठेवला आणि हात जोडले.

मी अभिमानानं पी. डी. सरांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "चांगलं झालं. त्याच्या घराचं चांगलं झालं." मग वहीतलं पहिलं नाव पेन्सिलनं खोडलं. थोड्या वेळानं म्हणाले, "चांगला खेळाडू कोणी ना कोणी नेतोच. या वेळी तुम्ही नेलात."

मंडळी, आपल्याला सर्व्हिसेसच्या फुटबॉलचा केवढा अभिमान! २०१२ साली संतोष ट्रॉफीच्या फायनलमध्ये आपण तमिळनाडूला हरवलं, २०१६ साली महाराष्ट्राला. वेलिंग्टनच्या मद्रास रेजिमेंटल सेंटरनं तर १९५५ आणि १९५८ असा दोनदा ड्युरँड कप घेतलाय. मीही मेसमध्ये टाळ्या पिटल्यात. पण सर्व्हिसेसला स्वतःचा जिल्हा नसतो. जी पोरं आपण खेळवतो ती कुठल्या तरी गावच्या मैदानावर, कुठल्या तरी पी. डी. सरांनी रेघा आखलेल्या जागेवर तयार झालेली असतात. भाताचं रोप एका वाफ्यात वाढतं आणि दुसऱ्या शेतात लावलं जातं. ज्या वाफ्यात तरवा टाकला तिथं किती पोती झाली, असं कोणी विचारत नाही. सरकारी कॉलेजला मात्र आपण हेच विचारतो, आणि वर हसतो.

कोल्हापूरशी तुलना केल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्याकडेही पोरांच्या घरी पैसा नसतो. पण तालमीच्या संघामागे पेठ उभी असते. कोणी बूट देतं, कोणी दूध देतं, हरलं तर शिव्या द्यायलाही माणसं असतात. केरळात मलप्पुरमकडेही तसंच. तिथल्या कालिकत विद्यापीठानं आंतरविद्यापीठ फुटबॉल इतक्यांदा जिंकलंय ते काही उगाच नाही. कॉलेज सरकारी आहे म्हणून हरतं असं नाही. ते एकटं आहे म्हणून हरतं.

कप्तानाचा अधूनमधून फोन येतो. ट्रेनिंग संपलं, कंपनीच्या टीमकडून खेळतो. आवाजात जोम असतो. पण त्याच्या डिग्रीच्या दोन सेमिस्टर राहिल्यात, आणि चार वर्षांनी चारातला फार तर एक कायम होणार, हे मला माहीत आहे, त्यालाही. त्या दिवशी मी उत्तर फार पटकन दिलं. आज विचारलं असतं तर कदाचित भर्तीच म्हटलं असतं, पण त्याआधी त्याच्या प्राचार्यांकडे जाऊन राहिलेल्या परीक्षांचं काय करता येईल ते विचारलं असतं. एवढं मी केलं नाही.

मूव्हमेंट ऑर्डर हातात आल्यावर शेवटची मॅच बघायला गेलो. संघ पुन्हा नवा. या वेळी निघताना मी शेंगदाण्याची चिक्की, केळी आणि उकडलेली अंडी बरोबर घेतली. खर्च किती? आपल्या एका बड्या खान्याला प्रत्येकी वर्गणी देतो त्याहून कमी. सामना एक-दोननं हरलो. पण पोरं शेवटच्या मिनिटाला पळत होती. पी. डी. सरांनी वही काढून दुसऱ्या वर्षाच्या पोरांच्या नावापुढे खुणा केल्या. पुढच्या वर्षी यातली किती उरतील, असं मी विचारलं नाही.

रिटायर होऊन गावी असलेल्या माझ्या जोडीदारांना एवढंच सांगणं. तुमच्याही तालुक्याला असं एखादं कॉलेज असेल. संध्याकाळी तिकडे चक्कर मारा. रेघा आखायला हात लावा, जमलं तर केळी न्या. आणि एखादं चपळ पोरगं दिसलं, 'भर्ती करू का?' म्हणून विचारायला आलं, तर हो म्हणण्याआधी त्याला विचारा, परीक्षा किती राहिल्यात.

जय हिंद.