भिंतीतलं मोहोळ

साप निघाला की काठी शोधायची, ही आपल्याकडची जुनी रीत. ती बदलताना माझ्या पिढीने पाहिली. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांच्या संगतीत ७२ तास काढले. पुढे १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले. आमच्या पिंपरी-चिंचवडलाही बहिणाबाई चौधरींच्या नावाचे सर्पोद्यान झाले. आज चिखली-मोशीच्या सोसायटीत नाग निघाला, तर रखवालदारसुद्धा आधी सर्पमित्राला फोन लावतो. मोहोळ दिसले की मात्र अजूनही रॉकेल आणि पलितेच आठवतात.

निगडी प्राधिकरणातल्या आमच्या घराच्या मागच्या भिंतीत, जुन्या पाइपासाठी पाडलेल्या भोकातून, माघात माश्यांची ये-जा सुरू झाली. शेजारचे काका काळजीने म्हणाले, "रात्री रॉकेलचा बोळा कोंबा, सकाळी सगळं साफ." आई म्हणाली, "आधी माश्या कुठल्या ते तर बघा."

सगळे काही त्या एका प्रश्नावर ठरते. उंच इमारतीच्या सज्जाखाली उघड्यावर एकच मोठे पोळे लोंबत असेल, तर ते आग्यामोहोळ. त्याच्या वाटेला जायचे नाही. कागदासारख्या करड्या घरट्यावर बारीक कमरेच्या माश्या दिसल्या, तर त्या गांधीलमाश्या; एकच माशी पुन्हापुन्हा डंख मारू शकते. आणि अंधाऱ्या पोकळीत एकापुढे एक समांतर पोळी बांधते ती सातेरी. आमच्याकडे सातेरी आली होती.

भीती खोटी नसते. एखाद्याला एका डंखानेही श्वास लागतो, घसा सुजतो. तेव्हा घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठावा लागतो. घरात लहान मूल असताना मोहोळ भिंतीत राहू द्या, असे मी कुणाला सांगणार नाही. पण ते हटवणे आणि मारणे यांत फरक आहे.

भोक सिमेंटने लिंपले, तर कोंडलेल्या माश्या दुसरी वाट शोधतात, आणि ती स्विचबोर्डातून खोलीत उघडू शकते. आग लावली, तर भिंतीतली वायर पेटू शकते. विष फवारले, तर माश्या मरतात, पोळी मागे राहतात. जिवंत माश्या पंखांनी वारा घालून पोळे थंड राखतात. त्या गेल्या की उन्हाळ्यात मेण ढिले पडते, मध गिलाव्यातून पाझरतो, अळ्या कुजतात, मुंग्या लागतात. विष लागलेला तो मध दुसऱ्या वसाहतीतल्या माश्यांनी लुटून नेला, तर तिथेही मरण पोहोचते.

आम्ही मधपाळाला बोलावले. त्याने सुक्या पाल्याचा हलका धूर दिला, मोजक्या विटा काढल्या, पोळी एकेक करून कापली. अळ्यांची पोळी लाकडी चौकटीत दोऱ्याने बांधून पेटीत ठेवली. राणी पेटीत गेली, तशा बाकीच्या माश्या तिच्यामागे गेल्या. अंधार पडल्यावर दार बंद करून पेटी हलली. मग आम्ही पोकळी स्वच्छ करून विटांनी बुजवली, कारण मेणाच्या वासाने पुढचा थवा तिथेच येतो.

पेटी गेली चाकणजवळ, कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटवर. चाकणची ओळख आता मोटारींची, पण तिथला कांद्याचा बाजार अजून नावाजलेला आहे. कांद्याच्या गोंड्यात बी भरायला परागकण एका फुलावरून दुसऱ्यावर जावे लागतात, आणि ते काम मुख्यतः माश्याच करतात. आपण ज्या मोहोळाला पलिता लावतो, त्याची गरज वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या शेतकऱ्याला असते. दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो, एवढेच.

तो पत्ता जुळवून देणे अवघड नाही. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. आपल्या पट्ट्यातल्या तरुणांनी हे काम शिकावे, आणि महापालिकेने व ग्रामपंचायतींनी अशा शिकलेल्यांची यादी लोकांपुढे ठेवावी. त्यांना मोबदलाही नीट मिळावा. अंगावर डंख घेत, भिंत न पाडता मोहोळ जिवंत काढणे हे कसबी माणसाचे काम आहे. निव्वळ पुण्याईवर ते चालणार नाही.