तीन किलो तांदूळ

मुलांनो, एक प्रश्न विचारतो. चटकन उत्तर द्यायचं, विचार करत बसायचं नाही. आतापर्यंत तुम्ही जेवलेलं सगळ्यांत मस्त जेवण कोणतं?

हाच प्रश्न दिवाळीच्या सुट्टीनंतर मी माझ्या चौथीच्या वर्गाला विचारला होता. भंडारा जिल्ह्यात साकोलीकडे माझी शाळा आहे. प्रश्न विचारायचा अवकाश, वर्गात नुसता कालवा! कुणी नागपूरला मामाकडे तर्री-पोहे खाल्ले होते. कुणी मावशीच्या लग्नात तीनदा जिलेबी मागून घेतली होती. एक जण हायवेवरच्या ढाब्यावर जेवून आला होता. त्याला तिथल्या भाजीपेक्षा शेवटी मिळालेल्या बडीशेपेचंच जास्त कौतुक. मग मागच्या ओळीतला एक मुलगा हळूच म्हणाला, "शाळेतली खिचडी."

सगळा वर्ग खो-खो हसला. तो बिचारा मान खाली घालून पाटीवर रेघोट्या मारायला लागला.

मी हसलो नाही. मी मोठा शहाणा म्हणून नाही, बरं का. मला एकदम माझीच एक गोष्ट आठवली. इतक्यात मुलांनी मलाच विचारलं, "सर, तुमचं कोणतं?" आणि नेमकी घंटा झाली. मी खडू ठेवला आणि निघालो. तेव्हा टाळलं ते आता तुम्हाला सांगतो. कागदावर सांगणं जरा सोपं जातं.

तर ही गोष्ट जानेवारी २००० मधली. मी पाचवीत होतो. धान कापून, चुरून घरात आलं होतं. रिकाम्या बांध्यांमध्ये लाखोरी निळ्या फुलांनी भरली होती. अशा दिवसांत आमच्याकडे मोठी माणसं शेतावर रोडग्यांची पंगत करतात. आम्ही नऊ पोरांनी ठरवलं, यंदा आपली आपणच पंगत करायची, तलावाच्या पाळीवर. मोठं माणूस एकही नको!

रोडगे म्हणजे काय, हे विदर्भातल्या मुलांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. गव्हाचं जाडसर पीठ घट्ट मळायचं. छोट्या छोट्या पोळ्या लाटून, मध्ये तेल किंवा तूप लावून एकावर एक ठेवायच्या. मग वरून आणखी एका पोळीत बांधून त्याचा गोळा करायचा. हे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे. भाजले की राख झटकायची, दाबून फोडायचे आणि त्यावर तूप. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. लिहिता लिहिताच तोंडाला पाणी सुटलं बघा!

आमचा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. लोक थोडक्यात 'मामा तलाव' म्हणतात. मामाचा नाही हं, माजी मालगुजारी म्हणून मामा! शे-दोनशे वर्षांपूर्वी, काही तर त्याहूनही आधी, आमच्या भागातल्या लोकांनी असे तलाव बांधले. त्यात कोहळी समाजाचं काम फार मोठं. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, तलाव मात्र राहिले. त्याच पाण्यावर धान होतं, त्याच पाण्यात मासे आणि शिंगाडे होतात. म्हणून तर भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात.

कोणी काय आणायचं हे मी ठरवलं. मी वर्गाचा मॉनिटर होतो, त्यामुळे सगळीकडेच मॉनिटर होतो! तिघांनी कणिक, दोघांनी वांगी, एकाने तेल-तिखट-मीठ, एकाने गोवऱ्या. मी तूप आणि आईचा मोठा गंज. राहिला एक जण. त्याचं नाव सांगत नाही. त्याचे वडील तलावात मासे धरायचे. तो म्हणाला, "मी झिंगे आनतो." मी म्हणालो, "गंज आईचा आहे. त्यात मासोळी चालायची नाही. दुसरं काहीतरी आण."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आनतो."

रविवारी सकाळी आम्ही पाळीवर जमलो. तो सगळ्यांत शेवटी आला. हातात कापडी पिशवी. मी उघडून पाहिली, तर तांदूळ. जाडा, थोडा पिवळसर. मी लगेच ओळखला. "अबे, हा तर शाळेचा तांदूळ!"

आता हे तुम्हाला समजावून सांगावं लागेल. आज तुम्हाला शाळेत शिजवलेलं जेवण मिळतं. आमच्या वेळी तसं नव्हतं. १५ ऑगस्ट १९९५ ला शाळेतल्या आहाराची योजना देशात सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे शिजवलेलं अन्न न देता पहिली ते पाचवीच्या मुलांना महिन्याला ३ किलो कोरडा तांदूळ मिळायचा. अट एकच, हजेरी ८० टक्के हवी. पिशवी घेऊन ओळीत उभं राहायचं आणि तांदूळ घरी न्यायचा. पुढे २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेलं जेवणच द्या असा आदेश दिला, आणि मग खिचडी आली.

आमच्या घरी स्वतःचं धान होतं. आम्ही बारीक एचएमटी खायचो. (या एचएमटीचीही गंमत आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या गरीब शेतकऱ्याने हे वाण आपल्या तुकडाभर शेतात निवडून निवडून तयार केलं. तेव्हा एचएमटीची घड्याळं फार जोरात होती, म्हणून तांदळालाही तेच नाव पडलं. पण हे सगळं मला तेव्हा कुठे माहीत होतं? बारीक तांदूळ म्हणजे मोठ्या लोकांचा, एवढंच कळायचं.) तर मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हा तांदूळ आमच्याकडे कोंबड्यांना टाकतात."

सगळे हसले. तोही हसला. त्याचं ते हसणं मला अजून दिसतं.

मग आमचा स्वयंपाक सुरू झाला. कणकेत पाणी जास्त झालं. मग पीठ कमी पडलं. पोळ्या कशावर लाटायच्या हे कुणी ठरवलंच नव्हतं, म्हणून एका सपाट दगडावर बाटलीने लाटल्या. एका रोडग्याला चार कोपरे आले होते. पण खरी चूक पुढेच झाली. गोवऱ्या चांगल्या भडकल्या होत्या, आणि आम्हाला भूक लागली होती. आम्ही रोडगे सरळ जाळातच टाकले!

गोवऱ्या पेटवल्यावर जाळ आणि धूर पूर्ण जाऊ द्यावा लागतो. खाली लाल आर आणि वर राख राहिली पाहिजे. राखेतून उष्णता हळूहळू बाहेर येते, ती रोडग्याच्या पोटापर्यंत जायला तासभर लागतो. जाळात टाकलं तर बाहेरचं पीठ आधीच जळून जातं आणि आत पीठ ते पीठच राहतं. आमचं तसंच झालं. अर्ध्या तासात नऊ काळे गोळे बाहेर निघाले. फोडले, तर आत कच्ची कणिक दाताला चिकटत होती. एकाने तूप घालून खायचा प्रयत्न केला. तूपही गेलं आणि रोडगाही गेला.

दुपारचा एक वाजला असेल. वांग्याची भाजी मात्र झकास झाली होती. पण नुसती भाजी किती खाणार? सगळे एकमेकांकडे बघत होते. तेव्हा तो म्हणाला, "भात टाकू का?"

कुणी काही बोललं नाही. त्यानेच तीन दगड नीट मांडले, गंजात आधण ठेवलं, तांदूळ धुवायला घेतला. म्हणाला, "अर्धेच टाकतो. पुरते." मी म्हणालो, "नऊ जण आहोत बे! काय पुरते?" आणि त्याच्या हातातली पिशवी घेऊन मी सगळी गंजात रिकामी केली.

पुढे काय झालं असेल, सांगा पाहू! तांदूळ शिजला की तिप्पट होतो. आईला माहीत असतं, मॉनिटरला नसतं. भात फुगायला लागला. झाकण वर उचललं गेलं. भात गंजाच्या काठावरून खाली यायला लागला. परातीत काढला, तरी येतोच आहे! झाकणावर काढला, पळसाच्या पानांवर काढला. आम्ही हसून हसून लोळत होतो. तो एकटाच जाळ कमी करत होता, पाणी घालत होता, भात खाली लागू देत नव्हता.

आणि काय सांगू, तो भात! पळसाच्या पानावर वाफाळलेला जाडा भात, त्यावर वांग्याचा लाल रस्सा, वरून सांभार. अंगावर जानेवारीचं ऊन. मी तीनदा घेतला. एचएमटी पण मी असा कधी खाल्ला नव्हता. माझं सगळ्यांत मस्त जेवण कोणतं, तर हेच.

इथेच थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती.

पोटं भरली, तरी अर्ध्याहून जास्त भात उरला होता. तो उठला आणि रिकाम्या पिशवीत भात भरायला लागला. मी ओरडलो, "काय बे, शिळा भात घरी नेतं का?" त्याचा हात थांबला. त्याने पिशवी खाली ठेवली.

मग आम्ही तो भात मासोळ्यांना टाकला. मुठीमुठीने. कोण लांब फेकतो याची शर्यत लावली. पाण्यावर मासोळ्यांची नुसती झुंबड उडाली होती. मीच पहिला आलो.

तीन दिवसांनी संध्याकाळी त्याची आई आमच्या दारात आली. मी आतल्या खोलीत होतो. ती माझ्या आईला म्हणाली, "बाई, पायलीभर तांदूळ उसने द्या जी." आई सहज म्हणाली, "अवो, पोराले शाळेतले तांदूळ भेटले ना आताच?" ती म्हणाली, "भेटले होते जी. पोरानं पंगतीले नेले. पोरंच त, खाल्ले असतीन."

मी दाराच्या मागे उभा राहिलो. बाहेर जावं, सांगावं की खाल्ले नाहीत, फेकले, आणि मीच फेकले. पाय हलले नाहीत. आईने सुपात तांदूळ काढले आणि म्हणाली, "उसने-बिसने काही नाही." ती म्हणाली, "नाई जी, परत करीन." महिन्याभराने तिने खरंच परत केले. तेवढेच, मोजून.

नंतर एक गोष्ट कळली. पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत तो आईसोबत कामावर जायचा, म्हणून जुलैत त्याची हजेरी भरली नव्हती आणि त्या महिन्याचा तांदूळ बुडाला होता. तेव्हापासून तो तापातसुद्धा शाळेत यायचा. आम्ही त्याला 'हजेरीबहाद्दर' म्हणून चिडवायचो.

पुढे मी डीएड केलं, मास्तर झालो. आता रोज दुपारी मुलांना वाढण्याआधी खिचडीची चव घेऊन वहीत नोंद करावी लागते. पहिली ते पाचवीच्या एका मुलाला रोजचा १०० ग्रॅम तांदूळ. पहिल्यांदा हिशोब मांडला तेव्हा माझी पेन्सिल थांबली. ३ किलो म्हणजे तीस मुलांचं एका दिवसाचं जेवण. किंवा एका मुलाचं तीस दिवसांचं. आम्ही नऊ जणांनी ते एका दुपारी संपवलं होतं, आणि त्यातलं अर्धं मासोळ्यांनी.

खिचडी आवडते म्हणणाऱ्या त्या मुलाजवळ मी दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो. "आज कशी झाली?" म्हणून विचारलं. तो म्हणाला, "काल जास्त चांगली होती." खरं होतं. त्या दिवशी मीठ कमी होतं, आणि चव घेऊनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आमची पंगत अजून होते. नऊपैकी चौघे पुण्या-नागपूरकडे असतात; जे गावात असतात ते जानेवारीत पाळीवर जमतात. तो मित्र आता मच्छीमार सोसायटीत आहे. आता झिंगेही असतात, गंज त्याचाच असतो. रोडगे मात्र आम्ही आरातच टाकतो, तेवढं शिकलो.

गेल्या जानेवारीत मी त्याला सगळं सांगितलं. दाराच्या मागचंही सांगितलं. पंचवीस वर्षं लागली. तो तांदूळ धूत होता. वर न बघताच म्हणाला, "मले माहीत होतं. मी आईसोबतच आलो होतो, कुंपनाजवळ उभा होतो. दाराखालून तुहे पाय दिसत होते."

मला काय बोलावं सुचेना. मी उगाच तांदळाची थैली उचलली, आधणाजवळ नेली.

"मास्तर," तो म्हणाला आणि माझ्या हातातून थैली काढून घेतली, "तांदूळ मी टाकतो. तू वांगे चिर."