विसाव्याचा हिशेब

व्यापारी घराण्यांत विसावा ही उधारीची बाब मानली जाते. हंगाम सरू द्या, वसुली होऊ द्या, मुले मार्गी लागू द्यात, मग निवांत बसू, असे म्हणता म्हणता आयुष्य सरत जाते. दुकानाला कुलूप लागते. पण मनातली वही मिटत नाही.

सांगलीत बेदाण्याची अडत चालविणाऱ्या अण्णांची ही वही कॅलिफोर्नियातही त्यांच्यासोबत होती. मुलाकडे राहायला गेल्यावर ते रोज रात्री पुतण्याला फोन लावून सौद्यांची चौकशी करीत. ते पाहून मुलाने सप्टेंबरअखेरच्या एका शनिवारी-रविवारी सर्वांना सोनोमाच्या खोऱ्यात नेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, दोन डोंगररांगांमध्ये वसलेला हा द्राक्षांचा आणि वाईनचा मुलूख. ग्लेन एलन गावाजवळ डोंगरउतारावरील मळ्यातले एक घर भाड्याने घेतले होते. सकाळी खोरे धुक्याने भरून जाई. ऊन चढले की ओकची झाडे, वाळलेले सोनेरी गवत आणि द्राक्षवेलींच्या ओळी एकेक करून उघड होत. वाईनचा विषयच निघाला नाही. स्वयंपाक सासू-सुनांनी स्वतःच केला आणि सूर्यास्तापूर्वी अंगणातच पंगत बसली.

अण्णा वेली न्याहाळत राहिले. वाईनचे द्राक्ष बारीक, जाड सालीचे, बियांचे. आपल्याकडे बेदाण्यासाठी नावाजलेल्या ‘थॉमसन’ वाणाला मात्र याच राज्यातील विल्यम थॉम्पसन यांचे नाव मिळाले आहे, हे मुलाने सांगितले तेव्हा अण्णांना जुना आडतकरी भेटल्यासारखा आनंद झाला.

त्याच दुपारी मुलाने मनातली गोष्ट काढली. “अण्णा, इकडेच डोंगरावर थोडी जागा घ्यावी म्हणतो. सुट्टीला हक्काचा विसावा होईल. कर्जही मिळेल.” अण्णांनी फक्त व्याजाचा दर विचारला.

रविवारी सर्वजण जवळच असलेला, प्रसिद्ध कादंबरीकार जॅक लंडन यांचा मळा पाहायला गेले. शहराला कंटाळून लंडन यांनी १९०५ मध्ये येथे सुमारे १३० एकर जमीन घेतली. शेजारच्या जमिनी घेत घेत ती सुमारे १४०० एकरांवर गेली. कोरियात पाहिलेल्या पद्धतीप्रमाणे त्यांनी उतारावर पायऱ्या बांधल्या. लाकडाच्या विक्रीतून नफा होईल म्हणून हजारो निलगिरी लावल्या; ते लाकूड कामाचे निघाले नाही. हा सारा खर्च लेखणीवर होता. रोज सकाळी हजार शब्द लिहायचे आणि पैसा मळ्यात ओतायचा, असा क्रम. दगडी प्रासाद बांधून होत आला, तोच ऑगस्ट १९१३ मध्ये राहायला जाण्यापूर्वीच जळाला. त्याच्या भिंती आजही झाडीत उभ्या आहेत. १९१६ मध्ये, अवघ्या ४० व्या वर्षी, लंडन याच मळ्यात वारले.

त्या भिंतींसमोर अण्णा बराच वेळ उभे होते. मग मुलाला म्हणाले, “विसाव्यासाठी जमीन घेतली, आणि जमिनीसाठी विसावा दिला. हे गृहस्थ इथे निवांत बसले तरी कधी?”

मुलगा गप्प राहिला. उत्तर दिले ते आईने. “त्यांचे राहू द्या. चाळीस वर्षांत तुम्ही दुकानाबाहेर कधी बसलात?”

अण्णांना हसू आले. परंतु प्रश्न खरा होता. कमावणे आणि राखणे यांत गुंतलेल्या माणसाला, मिळवलेले पुरेसे कधी होते हे ठरविण्याची सवयच उरत नाही. ती मर्यादा जमीन घालून देत नाही, दुकानही देत नाही. ती स्वतःच घालावी लागते, आणि हातपाय चालत आहेत तोवरच.

जागेचा विचार मुलाने पुढे ढकलला. भाड्याचे घर वर्षातून दोनदा पुरे, असे ठरले. सांगलीला परतल्यावर अण्णांनी तिजोरीच्या किल्ल्या पुतण्याकडे दिल्या आणि महिन्यातला एक आठवडा दुकानात न जाण्याचे ठरविले. पहिला आठवडा त्यांना फार जड गेला, असे आई सांगतात.